पोरांच्या नावावर केलेले समेट

‘पोरांच्या तोंडाकडे बघ आणि नांद.’ जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांतल्या कुठल्याही पाड्यावर नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला हे वाक्य चुकत नाही. आई म्हणते, भाऊ म्हणतो, पंच म्हणतात, पोलीस पाटील म्हणतो. ठाण्यापर्यंत गेलीच, तर अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देता देता हवालदारही तेच म्हणतो. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या इतक्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत होतं, तेव्हा ती गोष्ट तपासून घ्यावी. ज्या पोरांच्या नावावर हा समेट होतो, त्यांना त्या बैठकीत कुणी काही विचारलेलं नसतं. बहुतेक वेळा ती दाराशी उभी असतात, आणि बैठक संपली की आईच्या मागे त्याच घरी चालायला लागतात.

हे मत फक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचं असतं, तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. आदिवासींविषयी खरा कळवळा असलेली, शिकलेली, भली माणसंही थोड्या निराळ्या भाषेत हेच सांगतात. त्यांचं म्हणणं असं. आदिवासी समाजात बाई मोकळी आहे. हुंडा नाही, उलट वराकडून देज येतो. वारल्यांत लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. नवरा नकोसा झाला तर सोडता येतो, त्याचा डाग लागत नाही. मारहाण होते ती दारूपायी होते. अशा ठिकाणी शहरात बसून केलेला 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणला, तर घरं मोडतील आणि पोरं उघड्यावर पडतील. आणि पोरं तशीही आश्रमशाळेत असतात.

यातलं एकही वाक्य निखालस खोटं नाही, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावं लागतं.

देजापासून सुरू करू. बाईची किंमत आहे म्हणून देज, हे अर्धं झालं. बाईने घर सोडलं की देज परत करण्याचा विषय निघतो, हे उरलेलं अर्धं. तो परत कोण करणार? बाप, भाऊ, किंवा ज्याच्याकडे ती पुढे जाईल तो. म्हणजे ‘नांद’ म्हणणाऱ्या भावाच्या मनात भाच्यांची काळजी असेलही, पण ती एकटी नसते. काडीमोड सोपा आहे हेही खरं, पण तो नवरा-बायकोसाठी सोपा आहे. पोराला आईबापांतून काडी मोडून बाहेर पडता येत नाही. आईने दुसरं घर केलं की पोरं बहुधा बापाच्या घरी, म्हाताऱ्या आजीच्या पदरात राहतात, नाहीतर मामाकडे गुरांमागे जातात. आईला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती सोडत नाही. ज्या मोकळेपणाचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं, तो नेमका पोरं झाल्यावर वापरता येत नाही. बिनलेकराच्या बाईपुरता टिकणारा मोकळेपणा दाखवून लेकुरवाळीचा प्रश्न नाहीच म्हणणं, याला मी अभ्यास म्हणणार नाही.

आता उचलीकडे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांकडे येऊ. या दोन तालुक्यांतल्या घरगुती हिंसाचाराबद्दल बोलताना जो उचलीचा शब्दही काढत नाही, त्याला इथलं काही कळलेलं नाही असं मी समजतो. भात-नागलीचं काम आटोपलं, दिवाळी झाली, की पाडे रिकामे व्हायला लागतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. जाण्याआधी शेठकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पुष्कळदा लग्नासाठी किंवा आजारपणासाठी. भट्टीवर माणूस एकटा मोजला जात नाही, जोडी मोजली जाते. नवरा माती कालवणार, बायको विटा वाहणार, पोरं जमेल तसा हात लावणार. आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. अशा ठिकाणी बाईने नवऱ्याला सोडायचं म्हणजे जोडी मोडायची, म्हणजे शेठची उचल बुडवायची. मग तिला परत आणायला नवऱ्याबरोबर मुकादमही येतो. जे घर मोडू नये म्हणून सगळे धडपडतात, त्या घराला एकत्र ठेवण्यात विटांच्या धंद्याचाही हिशोब असतो, एवढं तरी प्रामाणिकपणे कबूल करावं.

हे काही आजचं नाही. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या मागे उभे राहिले, तेव्हा वेठीबरोबर त्यांना जी प्रथा मोडायची होती ती लग्नगड्याची. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि बायकोसकट त्याच्या दारात राबायचं. ती प्रथा मोडली. वेठबिगारीविरुद्ध 1976चा कायदा झाला. पुढे विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने याच भागात त्या कायद्याखाली माणसं सोडवली, आणि विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या पोरांसाठी भोंगा शाळा काढल्या. पण लग्नाचं कर्ज आणि जोडीची मजुरी यांची गाठ अजून पुरती सुटलेली नाही. त्या गाठीत अडकलेल्या बाईला ‘संस्कृतीने तुला मोकळं ठेवलंय’ असं सांगणं मला तरी क्रूर वाटतं.

भट्टीवर पोराचं काय होतं पाहा. गावात निदान आजी असते, शेजारची काकू असते, अंगणवाडीची ताई असते, रात्री पोराला ओढून आपल्या झोपडीत घेणारं कुणीतरी असतं. भट्टीवरच्या खोपटात यातलं कुणी नाही. तिथे आई मार खाते तेव्हा पोराला पळायला अंधार आणि विटांच्या राशी एवढंच आहे. कायद्याला मात्र ही अडचण कळलेली आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई जिथे तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही तिला अर्ज करता येतो, आणि आदेश साऱ्या देशात लागू राहतो. जव्हार तालुक्यातल्या दाभोशाच्या बाईने भिवंडीत दाद मागितली तर ‘तुमच्या तालुक्यात जा’ असं तिला म्हणता येत नाही. खर्ची एकट्याने उडवून घरात मीठ-मिरचीलाही पैसा न देणं हासुद्धा याच कायद्याने आर्थिक छळ ठरतो. हे भट्टीवर जाऊन किती जणांनी सांगितलं?

दारूवर मी फार बोलणार नाही. दारूने हात सैल सुटतो, घरातला पैसा जातो, आणि दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायका स्वतःच्या पोरांसाठीच उभ्या राहिल्या, यात वाद नाही. पण प्यायलेला नवरा शेठला मारत नाही, मुकादमाला मारत नाही, पोलीस पाटलाला तर नाहीच. बरोबर घरी येऊन बायकोलाच मारतो. एवढा विवेक शाबूत ठेवणाऱ्या दारूवर सगळं ढकलून गप्प बसणाऱ्यांनी, न पिता मारणाऱ्या मास्तरांच्या आणि कारकुनांच्या घरांबद्दलही कधी बोलावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 29.3 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्या काही साऱ्या पाड्यांवरच्या नाहीत. आणि ज्यांनी मार सोसला त्यांतल्या 77 टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. तेव्हा ‘आमच्याकडे तक्रारीच नाहीत’ हे जे कौतुकाने सांगितलं जातं, त्याचं वजन किती धरायचं ते ठरवा.

‘लहान आहे, त्याला काय कळतंय?’ हा आणखी एक दिलासा. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात 2013 साली सहा महिने ते वर्षभराच्या बाळांवर एक अभ्यास झाला. झोपलेल्या बाळांना रागाचा आवाज ऐकवला तेव्हा, ज्यांच्या घरात आईबापांची भांडणं अधिक होती त्यांच्या मेंदूतला ताणाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाला. 1998 साली सॅन डिएगोतून आलेल्या आणि आता जगभर आधाराला घेतल्या जाणाऱ्या अभ्यासात बालपणीच्या आघातांची यादी केली होती. त्यात आईला मारताना पाहणं हा स्वतंत्र आघात मोजला होता, आणि असे आघात जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकारापासून व्यसनांपर्यंत सगळंच जास्त, असं दिसलं. आपल्याच कुटुंब आरोग्य पाहणीत, जिच्या बापाने आईला मारलं त्या मुलीला पुढे नवऱ्याकडून मार बसण्याचं प्रमाण अधिक आढळतं. ज्या जव्हार तालुक्यात 1992च्या पावसाळ्यात वावर-वांगणीची शंभरावर पोरं कुपोषणाने गेली, आणि त्यानंतर पोराचं वजन आणि दंडाचा घेर मोजणं नेमाचं झालं, तिथे पोराच्या मनावर काय चाललंय हे पाहायला एकही रकाना नाही. जे पोर रात्रभर जागं असतं, ते सकाळी खिचडी पुढ्यात आली तरी खात नाही, हे अंगणवाडी सेविकेला कुठल्याही अभ्यासाविना ठाऊक असतं. लिहायला जागा नसते, म्हणून ती लिहीत नाही.

माझा खरा वाद समेट करणाऱ्यांशी आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. बांधावरच्या आणि वाटेवरच्या भांडणांसाठी ती चांगलीच होती, कोर्टाचे हेलपाटे वाचले. पण गावातला तंटा गावात मिटला की गुण, गुणांवर बक्षीस, या हिशोबात नवऱ्याने बायकोला मारणं हाही एक ‘तंटा’ होऊन बसला. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू थोड्या सरकतात. इथे बाईने किती सरकायचं? ‘तू उलट बोलू नकोस, तू जास्त मारू नकोस’ असे समेट झालेले आहेत. ‘जास्त’ म्हणजे किती, हे कुठल्या इतिवृत्तात लिहिलेलं नसतं. या उलट कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या 2006च्या नियमांत समुपदेशकाला काय बजावलं आहे ते वाचावं. मारहाणीचं कसलंही समर्थन करायला नवऱ्याला मुभा द्यायची नाही, आणि पुन्हा हात उचलणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. पंचांच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, ‘तू काय बोललीस?’ कायद्यात तो प्रश्नच बसत नाही.

राहिलं ‘कायद्याने घर मोडतं’ हे. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेला हा कायदा ज्यांनी उघडूनही पाहिला नाही, ते हे जास्त जोरात सांगतात. त्याचा मूळ रोख नवऱ्याला तुरुंगात घालण्याचा नाही, बाईला आणि पोरांना त्याच घरात सुरक्षित ठेवण्याचा आहे. कलम 19 प्रमाणे दंडाधिकारी मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. कलम 20 मध्ये पोरांच्या पोटगीचा उल्लेख आहे. कलम 21 मध्ये पोरांचा तात्पुरता ताबा आहे, आणि बापाच्या भेटीने पोराला अपाय होणार असेल तर ती भेट नाकारण्याचा अधिकार आहे. कलम 18 मध्ये तर पीडित जर मूल असेल, तर मारणाऱ्याने त्याच्या शाळेत पाऊल ठेवायचं नाही, असा मनाईहुकूम काढता येतो. अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागली पाहिजे. तुरुंग येतो तो कलम 31 मध्ये, आदेश मोडला तर, तोही जास्तीत जास्त एक वर्ष. ‘लग्नच लागलेलं नाही, मग कसली केस’ असं पाड्यावरच्या कितीतरी जोडप्यांबाबत ऐकवलं जातं, कारण खर्च झेपत नाही म्हणून लग्न पोरं झाल्यावर, कधी सामूहिक विवाहात लागतं. लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणारी बाईही या कायद्यात धरलेली आहे. आणि ‘घर सासऱ्याचं आहे’ ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020च्या निकालात बंद केली.

या कायद्यात उणीव नाही असं नाही. मूल त्यात बहुतेक वेळा आईचं बोट धरूनच येतं. आईने तक्रार केली नाही, तर पोराला बाल न्याय अधिनियम, 2015च्या वाटेने बाल कल्याण समितीपुढे जावं लागतं, आणि तिथे आणखी एक भीती उभी राहते: ‘पोरं घेऊन जातील.’ ही भीती निराधार नाही. पोरं मार खाणाऱ्या आईपासून तोडून संस्थेत ठेवणं हा मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्यांनाच शिक्षा करण्याचा प्रकार आहे. न्यूझीलंडने 1995च्या कायद्यात, पोराला हिंसा पाहायला लावणं हा पोराचाच छळ ठरवला आणि त्याच जागी लिहिलं की जिला मार बसतो तिने हे ‘घडू दिलं’ असं धरायचं नाही. इंग्लंड-वेल्सने 2021च्या कायद्यात घरातली हिंसा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या मुलाला स्वतंत्र पीडित म्हटलं. आपल्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय आहे असं तत्त्व म्हणून लिहिलेलंच आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात. आई वेगळी राहते, आजी सांभाळते, अशा घरी ते पोहोचले तर संस्थेचं नावही काढावं लागणार नाही. पोहोचत नाहीत, कारण दाखले लागतात, आणि रेशन कार्ड नवऱ्याच्या नावावर, नवऱ्याच्या पेटीत असतं.

आणि आश्रमशाळा. शिक्षणासाठी त्या हव्यातच, पण घरातल्या हिंसेवरचा उपाय म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी वसतिगृहातून पळून जाणाऱ्या पोरांना एकदा तरी विचारावं की पळून कुठे जात होतास. सगळीच काही खेळायला पळत नाहीत. दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी लागली की एखादं पोर घरी जायला मागत नाही, एखादं सुट्टीच्या आधीच जायला बघतं, कारण आई कशी आहे ते त्याला पाहायचं असतं. पोर लांब नेलं म्हणजे त्याची भीती लांब गेली असं होत नाही. शिवाय मागे राहतात ती धाकटी, शाळेच्या वयाची न झालेली. त्यांचं काय?

‘मास्तरने कशाला मध्ये पडायचं, उद्या अंगावर यायचं’ असं शिक्षक म्हणतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं कलम 4 वाचा. हिंसा होते आहे असं वाटण्याला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात 2011 साली एका मुख्याध्यापिकेने आणि तिच्या पोलीस नवऱ्याने एक साधी रीत सुरू केली. रात्री ज्या घरी पोलीस गेले, त्या घरच्या मुलाच्या शाळेला सकाळी शाळा भरण्याआधी निरोप द्यायचा. पोराला काही विचारायचं नाही. गृहपाठ केला नाही म्हणून त्या दिवशी ओरडायचं नाही, एवढंच. ती पद्धत तिथे सगळ्या पोलीस दलांत गेली आणि 2024 साली कायद्यात आली. जव्हार-मोखाड्यात याला कोट्यवधींचा निधी लागणार नाही. पोलीस पाटलाकडे फोन आहे, मुख्याध्यापकाकडे आहे, अंगणवाडी सेविकेकडेही आहे.

निधी आणि माणसं लागतात ती दुसरीकडे. दाभोशाचा धबधबा पाहायला पावसाळ्यात मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात, पण त्याच रस्त्याने पोर कडेवर घेऊन निघालेल्या बाईला जव्हार सुमारे 20 किलोमीटर, आणि तिथून जिल्ह्याचं ठिकाण आणखी 70-75 किलोमीटर आहे. एसटी चुकली तर तो दिवस गेला, मजुरीही गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला साऱ्या राज्यांना बजावावं लागलं की जिथे संरक्षण अधिकारी नाहीत, तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर ते नेमा. कायदा लागू होऊन 18 वर्षं उलटल्यावरची ही स्थिती. संरक्षण अधिकाऱ्याने आणि बाल कल्याण समितीने ठरलेल्या वारी जव्हारला आणि मोखाड्याला येऊन बसायला हवं, आठवडे बाजाराच्या दिवशी बसले तर उत्तमच. पतंगशाह कुटीर रुग्णालयात जखम शिवून घ्यायला आलेल्या बाईबरोबरच्या पोराची विचारपूस कुणीतरी करायला हवी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मार खाल्लेल्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू होऊन पाव शतक झालं, त्यामुळे नमुना नाही असंही म्हणता येणार नाही.

वाचकहो, तुमचं गाव जव्हार-मोखाड्यातलं असो की आणखी कुठलं, पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आपली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे की बसते, आणि शेवटची कधी बसली? तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर शाळेच्या, अंगणवाडीच्या भिंतीवर का नाही? आणि या वर्षी नवरा-बायकोचे जे समेट गावाने केले, त्यांतल्या घरांतली पोरं आज कशी आहेत, हे पाहून यायला कोण जाणार? रात्री कुठल्या घरातून आवाज आला, तर ग्रामसभेची वाट पाहू नका. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181 आणि पोलिसांसाठी 112 हे नंबर फुकट लागतात, आणि शेजाऱ्याने लावले तरी चालतात.